अंगावर आलेला व्यायाम : तरुण वयातले अनुभव

व्यायाम न करणाऱ्याला बोलणारे पुष्कळ असतात. करणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणणारा सहसा भेटत नाही. पोरगं पहाटे उठून पळायला जातंय, मोबाइल टाकून जिमला जातंय म्हटल्यावर घरचे खूश, शिक्षक खूश, नातेवाईक आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण देणार. त्यात काही बिनसलं तरी ते बरंच पुढे जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. चांगल्या सवयीवर कोण कशाला संशय घेईल?

म्हणून हा धागा. साधारण दहा ते पंचवीस या वयात व्यायामाचा किंवा सरावाचा अतिरेक होऊन काही दुखणं ओढवलं असेल, तुमचं, मुलांचं, भावंडांचं, विद्यार्थ्यांचं, तर इथे लिहा. दोनच विनंत्या आहेत. जिम, प्रशिक्षक, दवाखाना यांची नावं नकोत. आणि वजनाचे, उष्मांकांचे आकडे नकोत. ज्यांना त्या आकड्यांचं वेड लागलेलं असतं ते असे धागे आकड्यांसाठीच वाचतात, हे मी जवळून पाहिलंय.

माझ्याकडे स्वतःचा अनुभव नाही. मी व्यायाम टाळणाऱ्यांच्या पंथातली.

फुटबॉलवाला

माझं प्रकरण ‘अतिरेका’त बसतं का कोण जाणे, कारण त्याआधी बरेच दिवस मी काहीच केलं नव्हतं. परीक्षा होत्या. एरवी फुटबॉल रोजचा, त्यामुळे आपण फिट आहोत ही मस्ती अंगात होतीच. शेवटचा पेपर झाला आणि होस्टेलच्या जिममध्ये आम्ही तिघांनी पैज लावली. स्क्वॉट्स मारायचे, आधी थांबेल तो हरला. पैज मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, ते अपेक्षितच होतं. तिसऱ्या दिवशी मात्र गुडघे वाकेनात. जिना उतरताना कठडा धरून पाठमोरा उतरत होतो. कमोडवर बसताना शेवटच्या वीतभर अंतरात अंग सोडूनच द्यावं लागे. मांड्या टणक झालेल्या, जीन्स चढेना. मित्र म्हणाले, भारी, म्हणजे व्यायाम लागला. संध्याकाळी लघवी झाली ती कोलाच्या रंगाची. पाणी कमी पडलं असेल म्हणून बाटली रिकामी केली, तरी पुढची तशीच. मग मेडिकलला असलेल्या मावसबहिणीला फोन लावला. तिने बाकी काही न विचारता फक्त रंग विचारला आणि म्हणाली, ‘आहेस तसा इमर्जन्सीला जा.’

या दुखण्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी इतक्या फाटतात की आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं तुंबायला लागतात. रक्तात सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, तपासतात. एरवी ते शे-दोनशेच्या आसपास असतं, माझं दहा हजारांच्या वर गेलं होतं. उपचार काय, तर सलाइनवर सलाइन आणि लघवी मोजणं. डायलिसिसपर्यंत गेलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर रोज ती बाटली उजेडासमोर धरायच्या आणि ‘आज जरा निवळलीये’ असं म्हणून कागदावर टिपून ठेवायच्या. बाकी सगळे गंभीर चेहऱ्याने फिरत असताना त्यांचं ते ‘निवळलीये’ ऐकूनच मला धीर यायचा.

फिजिओ

फुटबॉलवाला, तुमचं प्रकरण अगदी बसतं. यात एकूण किती केलं यापेक्षा अचानक किती केलं हे महत्त्वाचं असतं. स्क्वॉटमध्ये खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी शरीर पेलतही असतो. या प्रकारच्या कामात तो सर्वात जास्त फाटतो. उताराने पळून आल्यावर मांड्या जास्त दुखतात त्याचंही कारण हेच. हे दुखणं मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सरावात दिसतं, स्पिनिंगच्या, म्हणजे जिममधल्या सायकलच्या, पहिल्याच क्लासनंतर दिसतं आणि, हे मुद्दाम लिहिते, शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशा आणि जोरबैठकांनंतरही दिसतं. अख्ख्या संघाला शिक्षा दिली आणि एकाच वेळी अनेक मुलं दवाखान्यात आली, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

नेहमीचं अंगदुखीचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतं. चढतच गेलं, सूज आली, लघवी गडद झाली तर थांबू नका. आणि कृपा करून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन झोपू नका, आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडांवर ती आणखी ताण टाकते.

लांब पल्ल्याची

मी शाळेपासून १५०० आणि ३००० मीटर पळायचे. पंधराव्या वर्षी नव्या सरांकडे गेले आणि सरावाचं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. खाण्यावर कोणी बंधन घातलं नव्हतं, पण ट्रॅकवर दर आठवड्याला वजन व्हायचं आणि ते वहीत लिहिताना सर मोठ्याने वाचायचे. एवढं पुरतं. ‘हलकी झालीस की पाय आपोआप उचलतो’ हे वाक्य तिथे पाण्यासारखं सगळ्यांच्या तोंडी होतं. मी हलकी झाले आणि पहिल्या हंगामात वेळ सुधारलीही. हा भाग कोणी सांगत नाही म्हणून सांगते : सुरुवातीला फायदा होतो. त्यामुळेच माणूस अडकतो.

पाळी आधी लांबली, मग बंद झाली. मोठ्या मुली म्हणाल्या की सगळ्यांचंच होतं, कटकट गेली. सरांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा ते म्हणाले, म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय. आई काळजीत होती. ती एका डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांवर रक्तस्राव सुरू झाला आणि सगळ्यांना वाटलं की प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे शरीराची स्वतःची पाळी नव्हे. मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच बंद पडलेला असतो, इस्ट्रोजेन तळाला गेलेलं असतं आणि गोळीमुळे ते फक्त झाकलं जातं. हाडांना तिचा उपयोग होत नाही. हे मला फार पुढे एका स्पोर्ट्स मेडिसिनच्या मॅडमनी कागदावर बाण काढून समजावलं.

मधल्या काळात नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग चालताना, शेवटी रात्री अंथरुणातसुद्धा. एक्स-रे स्वच्छ आला. सर म्हणाले, बघ, काही नाही. मॅडमनी नडगीवरून बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी दाबलं, तर मी टेबलावरून उठूनच बसले. नाण्याएवढी जागा होती. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सुरुवातीला ते एक्स-रेत दिसतच नाही असं बऱ्याचदा होतं. नंतर हाडांची घनता तपासली. माझ्या वयाच्या मुलींच्या सरासरीपेक्षा मी खूप खाली होते.

यातलं जे मला सगळ्यात लागलं ते असं : हाडांची आयुष्यभराची ठेव साधारण विशीपर्यंत साठून होते, मुलींमध्ये त्यातली बहुतेक अठराच्या आतच. ज्या वर्षांत मी ती साठवायची, त्याच वर्षांत मी ती खर्च करत होते. पुढे खाणं वाढवलं, पळणं कमी केलं, पाळी परत आली. त्याला वर्षाहून जास्त काळ गेला. घनता सुधारली, पण पूर्ण भरून आली नाही.

पूर्वी याला ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ म्हणत. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ‘रेड-एस’ हे व्यापक नाव दिलं, कारण खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की हाडं आणि पाळी एवढंच बिघडत नाही. रोगप्रतिकारशक्ती, हृदय, मन सगळ्यालाच ते भोवतं. आणि ते मुलांनाही होतं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पळाली होती. आमच्या ट्रॅकवर तिचं नाव सगळ्यांना पाठ. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. ते वाचलं त्या दिवशी मी जुन्या मैत्रिणींना फोन केले. त्यातल्या किती जणींनी ‘माझंही’ म्हटलं ते इथे लिहीत नाही, ती त्यांची गोष्ट आहे.

बॉलरचा बाप

ताईंचं वाचून जरा वेळ काही सुचलं नाही. आमचं त्यामानाने साधं.

मुलगा वेगवान गोलंदाज, वय चौदा, एका वर्षात ताडमाड वाढलेला. शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि शिवाय खासगी कोचिंग. तीन ठिकाणी तीन कोच, तिघेही भले आणि प्रत्येकाच्या मते मुलगा बेताचीच बोलिंग करतो. कारण प्रत्येकाला फक्त आपल्याकडचे चेंडू दिसायचे. कंबर दुखते म्हणाला तेव्हा एकाने पोटाचे व्यायाम वाढवले, दुसऱ्याने ॲक्शन बदलायला घेतली.

दुखत होतं ते डाव्या बाजूला, कमरेच्या खाली. वाकून मागे झालं की चमक. पोरगा उजव्या हाताने टाकतो म्हणून मला वाटायचं, दुखायचं तर उजवीकडे दुखेल. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एवढं ऐकलं आणि तपासायच्या आधीच म्हणाले, फास्ट बोलर ना? चेंडू सोडताना पाठ मागे वाकते, बाजूला कलते आणि पिळली जाते, तिन्ही एकदम. तो भार टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या मणक्यावर येतो. तिथल्या हाडाच्या अरुंद भागाला तडा जातो, त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. वाढीच्या वयात हाड लांबतं आधी आणि घट्ट होतं नंतर, त्यामुळे झपाट्याने उंची वाढते त्याच काळात ते सर्वात कच्चं असतं. म्हणजे आपण म्हणतो ‘आता अंगात ताकद आली, आता टाकू दे’, नेमका तेव्हा.

लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांनी एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती षटकं टाकावीत याचे वयानुसार नियम इंग्लंड, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी ठरलेले आहेत. नियम संघाला लागतो हो, पण तीन संघांतून खेळणाऱ्या एका मुलाला कोण लावणार? ते काम आता मी करतो. फ्रिजवर कागद लावलाय, सामना असो की नेट, टाकलेला प्रत्येक चेंडू त्यावर चढतो. हिला वाटतं मी हिशेबनीस झालोय. मुलगा काही महिने पूर्ण थांबला, तडा भरला. या हंगामात एकाच संघातून खेळतोय. बाकीच्या दोघांपैकी एक कोच अजून माझ्याशी बोलत नाहीत.

भरतीवाला

नडगीचं ताईंनी लिहिलंय ते आमच्या बॅचमध्ये रांगेने झालं. भरतीची तारीख लागली की त्याआधीचे काही आठवडे पोरं नुसती पळत सुटतात. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, सकाळ-संध्याकाळ. नडगी दुखली की घट्ट क्रेप बँडेज बांधायचं आणि पळायचं. दुखण्याची गोळी खिशातच. चाचणीच्या दिवशी माझ्या पुढच्या रांगेतला एक जण तिसऱ्या फेरीत असा बसला की उठलाच नाही, नडगीचं हाड गेलं होतं. वयाची मर्यादा असते, पुढची भरती कधी निघेल सांगता येत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. ‘विश्रांती घ्या’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

पीटीचे सर

मला जरा वेगळं म्हणायचं आहे. मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवतोय. माझ्यासमोर रोज जी मुलं येतात त्यांतल्या बहुतेकांना मैदानाच्या एका फेरीत धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल सांगितली आहे. बहुसंख्य मुलं त्याच्या जवळपासही जात नाहीत. असे धागे वाचून पालक मला येऊन सांगतात, ‘सर, आमच्याला जास्त पळवू नका.’ ज्याला पळवायला हवं त्याचेच पालक येतात. ज्याला थांबवायला हवं त्याचे येत नाहीत.

वर शिक्षेच्या उठाबशांबद्दल लिहिलंय ते मात्र मान्य. मी पूर्वी द्यायचो, आता देत नाही. व्यायाम ही शिक्षा आहे असं शिकवून वर तो आवडावा ही अपेक्षा कशी करायची?

धागाकर्ती

सर, तुमचं एक वाक्य या धाग्याच्या वर चिकटवावं असं आहे : ज्याला थांबवायला हवं त्याचे पालक येत नाहीत. ते येत नाहीत कारण त्यांना तक्रार नसते. धागा त्यांच्यासाठीच आहे. धाप लागणाऱ्यांनी आपलं पळणं खुशाल वाढवावं.

टाचवाल्याची आई

छोटंसं. मुलगा अकरा वर्षांचा, टाच दुखते म्हणून बोटांवर चालायचा. मला वाटलं नाटक. ‘सेव्हर्स’ म्हणतात त्याला, टाचेच्या हाडाची वाढीची चकती दुखावते. गुडघ्याखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखतं ते ऑसगुड-श्लाटर, ते त्याच्या मोठ्या बहिणीला झालं, ती उड्या मारणाऱ्या खेळातली. दोन्ही वाढ थांबली की जातात. तोवर दुखेल तेवढं कमी करायचं, पूर्ण बंद करायची गरज पडली नाही. डॉक्टरांनी खेळाचे तास विचारले आणि एक ढोबळ हिशेब दिला : आठवड्याला जितके तास संघटित सराव, तो आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा नको. माझ्या अकरा वर्षांच्याचा सोळावर गेला होता.

पोहणारी

मला काही मोडलं नाही, तडकलं नाही, म्हणून कोणाला पटवता आलं नाही.

सोळाव्या वर्षी शाळेआधी एक आणि शाळेनंतर एक असा सराव होता. एका हंगामात वेळ वाढायला लागली. म्हणजे मी हळू व्हायला लागले. उपाय म्हणून सराव वाढवला. आणखी हळू झाले. झोप लागेना, आणि लागली की उठवेना. सारखी सर्दी. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय होती, ती नेहमीपेक्षा चढलेली असायची. सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याचा वास नकोसा झाला. क्लोरीनचा तो वास मला लहानपणापासून आवडायचा, आता बसमधून उतरताच पोटात ढवळायचं. घरच्यांना वाटलं, वयात आली, चिडचिड करते.

याला ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणतात हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. थोडंफार जास्त ताणून मग विश्रांती घेतली तर माणूस वर येतो, सगळे खेळाडू ते करतात. विश्रांती गाळली की तेच उलटतं. मग आठवडाभर झोपून भागत नाही, महिने जातात. त्याची एक अशी रक्ततपासणी नाही, बाकी सगळं नाकारत तिथे पोचतात : ॲनिमिया, थायरॉइड, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. माझं लोहही कमीच निघालं, पण ते भरून काढल्यावरही पाण्यात जीव येईना.

झोपेचं मुद्दाम सांगते. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. आमच्या सकाळच्या सरावामुळे ती सहाच्या आसपास व्हायची, आणि अभ्यासही होताच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याचं प्रमाण १.७ पट दिसलं होतं. पहाटेच्या सरावाचं कौतुक करणाऱ्यांनी पोर रात्री किती वाजता झोपलं तेही विचारावं.

मी आता आठवड्यातून दोनदा पोहते. घड्याळ न लावता.

आरशातला

मी जिमवाला. मुलांच्या दिसण्याच्या वेडाचं कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. बारीक होतो, चिडवायचे. जिम लावली, अंग भरलं, लोक ‘भाऊ’ म्हणायला लागले. पण आरशात मला तो जुना काडी पहिलवानच दिसायचा. उन्हाळ्यात आत दोन टी-शर्ट घालायचो, दंड मोठे दिसावेत म्हणून. बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंक्तीतून उठून डबा खायला गाडीत गेलो. त्या रात्रीचे फोटो आहेत, मी एकातही नाही.

याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, १९९७ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या पुस्तकात ते नोंदलेलं आहे. म्हणजे हौस नाही, आजार आहे. जिममधला एक जण ‘कोर्स’ कर म्हणाला, म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. मी केला नाही, भीतीने. ज्याने केला त्याला छातीत गाठी आल्या आणि तपासणीत शुक्राणू जवळपास नव्हते. उंची वाढायची बाकी असताना घेतलं तर हाडांच्या वाढीच्या चकत्या लवकर बंद होतात, उंची तिथेच थांबते. हे सप्लिमेंटच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. त्या डब्यात नेमकं काय आहे हेही कधी कधी लिहिलेलं नसतं.

माझे उपचार चालू आहेत. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘आज नाही गेलास तर काय होईल?’ मी म्हटलं, काही नाही. आणि घाम फुटला.

नाव नको

आरशातला दादा, तो घाम मला माहीत आहे. माझं म्हणजे पावलं मोजणारं घड्याळ. रोजची वर्तुळं पूर्ण करायची. साखळी तुटायला नको म्हणून तापात चालले, गावाला जाताना रेल्वेच्या डब्यात दाराशी उभ्याउभ्या पावलं मारली. रात्री घरचे झोपले की बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, जागच्या जागी उड्या. नळ यासाठी की खालच्यांना धप धप ऐकू जाऊ नये. आईला वाटायचं मुलीला स्वच्छतेचं वेड आहे. ती पाण्यावरून ओरडायची.

घड्याळ आता धाकट्या भावाकडे आहे. त्याचं चार्जिंग आठवडाभर संपलेलं असतं, त्याला पत्ताही नसतो. मला त्याचा हेवा वाटतो.

डॉक्टर, वय झालेला

सगळं वाचलं. हृदयाबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही म्हणून.

तरुण खेळाडू मैदानात कोसळला की ‘अति व्यायाम केला’ असं बोललं जातं. बहुधा मूळ दोष आधीचा असतो, व्यायाम निमित्त होतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फो २००३ मध्ये कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात मैदानावर कोसळून गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या भिंती जाड होण्याचा आनुवंशिक विकार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, निघाला. डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात कोसळला, त्याचं हृदय थांबलं होतं. लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, शॉक देणारं यंत्र हाताशी होतं, तो वाचला आणि छातीत यंत्र बसवून पुढच्याच वर्षी पुन्हा खेळायला लागला. दोघांत फरक पडण्याची कारणं अनेक असतील. माझं म्हणणं एवढंच की मैदानावर ते यंत्र हवं आणि ते वापरता येणारा माणूस हवा.

पळता पळता चक्कर येऊन पडणं आणि पळून थांबल्यावर, उभं असताना चक्कर येणं यांत फरक करा. दुसरं बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. पहिल्यात मुलाचं मैदान बंद ठेवून हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, आम्ही विचारायला विसरतो.

सोळाव्या वर्षाची आई

डॉक्टर, तुम्ही आहात तर विचारते. मुलगा सोळाचा, बास्केटबॉल खेळतो. त्याला विषाणूचा ताप आला होता, उतरून आता दोन दिवस झाले. काल सरावाला गेला आणि परत येऊन म्हणाला छातीत जड वाटतंय, दम लवकर लागला. आज ठीक आहे म्हणतो. अशक्तपणा असेल ना?

डॉक्टर, वय झालेला

ताई, अशक्तपणा असूही शकतो. पण तापानंतर छातीत जड वाटणं आणि दम लागणं हे दोन्ही एकत्र आलं तर घरी बसून ठरवायचं नाही. विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो, मायोकार्डायटिस. त्या अवस्थेत जोराचा व्यायाम केला तर ठोका बिघडू शकतो. आजच दाखवा, ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करून घ्या, पुढचं ते बघतील. निदान झालंच तर साधारण तीन ते सहा महिने खेळ बंद असतो, नाही झालं तर थोड्या दिवसांत हळूहळू सुरू करता येईल. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तोवर जिनाही सावकाश.

सोळाव्या वर्षाची आई

नंबर लावलाय, संध्याकाळी पाचचा. कोचना मेसेज केला होता की तपासण्या होईपर्यंत तो येणार नाही. उत्तर आलं, ‘काळजी घ्या. पण शनिवारी सेमीफायनल आहे, तेवढी खेळू दे.’

डॉक्टर, वय झालेला

शनिवारी नाही.